कन्स्ट्रेंटचं नाव डेटाबेसवर सोडू नका

बडोद्यातल्या एखाद्या मराठी ग्रंथालयाचा डेटाबेस घेऊ. सभासद, पुस्तक, देवघेव, कर्मचारी अशी चार टेबलं. कन्स्ट्रेंटला, म्हणजे टेबलातल्या डेटावर घातलेल्या नियमाला, नाव दिलं नाही, तर डेटाबेस स्वतःच काहीतरी ठेवून मोकळा होतो. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस तर मागे आकडे-अक्षरांचं शेपूट लावतो, टेस्टवर एक आणि लाइव्हवर दुसरंच. मग टेस्टवर नीट चाललेली ड्रॉप कन्स्ट्रेंटची (कन्स्ट्रेंट काढण्याची) स्क्रिप्ट लाइव्हवर अडते. डिफॉल्टचा, म्हणजे काही भरलं नाही तर कॉलममध्ये आपोआप जाणाऱ्या किमतीच्या कन्स्ट्रेंटचा, जाच सर्वांत मोठा, कारण तो काढल्याशिवाय कॉलम काढता येत नाही.

क्रम ठरवून टाका: आधी प्रकार, मग टेबल, मग कॉलम. प्रकार असे: पीके म्हणजे प्रायमरी की (ओळीची ओळख), यूक्यू म्हणजे युनिक (किंमत पुन्हा येऊ न देणारा), एफके म्हणजे फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारा), सीके म्हणजे चेक (अट तपासणारा). पीके_सभासद, यूक्यू_सभासद_मोबाइल, एफके_देवघेव_सभासद_आयडी. टेबलाचं नाव गाळू नका. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये फॉरेन कीचं नाव अख्ख्या डेटाबेसात एकदाच वापरता येतं. (तिथे प्रायमरी कीला काहीही नाव द्या, ते 'प्रायमरी'च राहतं.)

फॉरेन कीमध्ये समोरच्या टेबलाऐवजी आपला कॉलम लिहा. देवघेवीत पुस्तक देणारा आणि परत घेणारा, दोघेही कर्मचारी टेबलातलेच. एफके_देवघेव_कर्मचारी हे नाव पहिल्यालाच खर्ची पडतं, दुसऱ्याला काय देणार? एफके_देवघेव_देणारा_आयडी आणि एफके_देवघेव_घेणारा_आयडी लिहिलं की प्रश्नच उरत नाही. चेकला मात्र नियमाचं नाव द्या. सीके_देवघेव_परत_दिल्यानंतरच हे एररमध्ये दिसलं की तारखांची गडबड लगेच कळते. डेटाबेसने ठेवलेल्या देवघेव_चेक१ वरून काहीच कळत नाही.

प्रत्यक्षात नावं रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत ठेवा; इथे ती फक्त वाचण्यासाठी देवनागरीत दिली आहेत. पोस्टग्रेस हा डेटाबेस 63 बाइटनंतर नाव कापतो आणि फक्त सूचना देतो. देवनागरीत प्रत्येक अक्षर नि प्रत्येक मात्रा 3 बाइट खाते, म्हणजे नुसतं 'देवघेव' 18 बाइटचं!

जुन्या टेबलांत एसक्यूएल सर्व्हरवर इज_सिस्टिम_नेम्ड = 1 असलेले (म्हणजे डेटाबेसने नाव ठेवलेले) कन्स्ट्रेंट शोधा आणि त्यांची नावं एसपी_रिनेम या कमांडने बदला. पोस्टग्रेसमध्ये ऑल्टर टेबलमधलं रिनेम कन्स्ट्रेंट वापरा. तिथे टेबलाचं नाव बदललं तरी कन्स्ट्रेंटची नावं जुनीच राहतात, तीही त्याच स्क्रिप्टमध्ये बदला. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन की काढून पुन्हा घालावी लागते. कुठेही नाव बदलण्याआधी ॲपच्या कोडमध्ये जुनं नाव शोधा: 'मोबाइल आधीच नोंदलेला आहे' हा संदेश बहुधा त्या नावावरूनच दाखवलेला असतो.