एबीएसचा पिवळा दिवा आणि उलटं बसलेलं बेअरिंग

आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून कुर्ल्यातल्या एका गॅरेजला लागलो, त्याच्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. एका टुरिस्ट टॅक्सीचं पुढचं डावं चाक घूंघूं करत होतं. बेअरिंग गेलं होतं. मी प्रेसवर जुनं काढलं, नवं दाबलं, चाक चढवलं आणि चक्कर मारायला निघालो. आवाज बंद, पण मीटरवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा पेटला, पाठोपाठ चाक जागीच घसरून फिरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचाही. स्कॅनर म्हणाला, पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर. वाटलं, काढता-घालताना माझ्याच हातून दुखावला असेल. नवा आणून लावला. दिवा तसाच.

मिस्त्रींनी काही न बोलता खोक्यातलं तसलंच नवं बेअरिंग काढलं आणि दोन्ही बाजूंना टाचणी टेकवून दाखवली. एका बाजूला चिकटली, दुसऱ्या बाजूने घसरून पडली. “आता सांग, सेन्सरकडे कुठली बाजू पाहिजे होती?” या बेअरिंगच्या एका सीलमध्ये उत्तर-दक्षिण ध्रुवांची चुंबकी पट्टी असते आणि सेन्सर तीच मोजतो. मी बेअरिंग उलटं दाबलं होतं. एकदा बसलेलं उपसलं की ते बादच. एक सेन्सर आणि एक बेअरिंग माझ्या पगारातून गेलं.

तेव्हापासून नवीन पोरगा हाताखाली आला की मी आधी दिवे वाचायला शिकवतो. पिवळा एबीएस पेटला म्हणजे ब्रेक गेले असं नाही. साधे ब्रेक लागतात. चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा तेवढी कंट्रोल युनिटने बंद ठेवलेली असते. सोबत लाल दिवा असेल तर प्रकरण वेगळं. हँडब्रेक पूर्ण सुटलाय का बघायचं, ब्रेक ऑइलची पातळी बघायची. ऑइल कमी असेल तर नुसतं भरून मोकळं व्हायचं नाही. गळती आणि पॅड तपासायचे. हे सगळं ठीक असूनही लाल दिवा राहिला, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी ईबीडीही बंद पडलेली असू शकते. अशी गाडी “हळू न्या साहेब” म्हणून देऊ नका. टो करायला सांगा.

ट्रॅक्शनचा दिवा ओल्या रस्त्यावर लुकलुकला तर तो काम करतोय, त्याला हात लावायचा नाही. कायम पेटलेला असेल तर आधी ट्रॅक्शन बंद करायचं बटण बघा. अर्धा तास वायरिंग उसवल्यावर कळतं की मालकाच्या मुलाने ते दाबून ठेवलं होतं. दोन्ही दिवे एकदम पेटले तर एबीएसच्या मागे लागा, कारण ट्रॅक्शन कंट्रोल त्याच चार चाकांच्या सेन्सरवर जगतो.

मोबाईलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनाच्या बिघाडाचेच, ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. ब्रेकचे कोड ‘सी’ने सुरू होतात, त्यासाठी एबीएस युनिटपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. सी००३५ म्हणजे पुढचं डावं चाक. पण कोड हा चाळीतल्या खोलीचा पत्ता समजा. त्या खोलीत सेन्सर, कनेक्टर, वायर आणि बेअरिंग असे चौघे राहतात. गुन्हेगार कोण ते आपण शोधायचं.

शोधायचं कसं? कोणाला तरी गाडी सरळ रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने चालवायला सांगा आणि स्कॅनरवर चारही चाकांचा वेग बघा. एक आकडा मध्येच शून्यावर आपटला तर गडबड त्याच चाकाची. चारही नीट, पण एक जरासा सतत वेगळा? टायर बघा. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर घालून फिरणारे आपल्याकडे कमी नाहीत.

मग चाक खोला आणि डोळ्यांनी बघा. पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून आलेल्या गाडीचा कनेक्टर उघडला की आत तांबं हिरवं पडलेलं दिसतं. पार्किंगमध्ये महिनाभर उभी राहिलेली असेल तर उंदीर वायरी कुरतडतात. समुद्राजवळच्या गाड्यांत सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगतो, सेन्सर वर उचलला जातो आणि सिग्नल कमजोर होतो. याची खूण छान आहे: गाडी अगदी थांबता थांबता, कोरड्या रस्त्यावर, पेडल पायाखाली थरथरतं. दिवा पेटलेला नसतोही! अशा वेळी जागा घासून साफ केली की बऱ्याचदा काम होतं, नवा सेन्सर लागत नाही.

मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवरून घ्या, पण बरा घ्या. जुन्या पद्धतीच्या, आत गुंडाळी असलेल्या सेन्सरचा रोध साधारण एक-दोन हजार ओहमच्या आसपास येतो. तुटला असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. नव्या गाड्यांत अॅक्टिव्ह, म्हणजे बाहेरून वीज मिळाल्यावरच चालणारे सेन्सर असतात. त्यांचा रोध मोजून काही कळत नाही. तिथे इग्निशन ऑन करून कनेक्टरला वीज पोचते का ते तपासा. मीटरची टोकं कनेक्टरच्या मागून घाला, वायरीत टोचू नका. टोचलेल्या भोकातून मुंबईची दमट हवा आत शिरते आणि वर्षभरात तीच गाडी तोच दिवा घेऊन तुमच्याकडे येते.

बॅटरी मरतुकडी वाटली तर तीही तपासून घ्या. व्होल्टेज पडलं की एबीएस युनिट उगाच कुरकुरतं.

काही जण मीटर उघडून बल्बच काढतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. असं करायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा, नोकरी गेली तरी.

काम झालं, कोड पुसला, तरी काही गाड्यांत दिवा लगेच विझत नाही. युनिट चाकांचे सिग्नल चालत्या गाडीत पडताळतं, मगच दिवा मालवतं. आमच्या गल्लीत दिवसा वीसचा वेग गाठणं शक्य नाही. म्हणून एबीएसच्या गाड्या मी सकाळी साडेसहाला बीकेसीत नेतो, एक लांब चक्कर मारतो आणि दिवा विझल्यावरच मालकाला फोन करतो.