टर्मिनेटर कोब्रावर नायट्रस चढवताना

मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि माझी गाडी २००३ ची फोर्ड मस्टँग एसव्हीटी कोब्रा, म्हणजे जिला इकडे सगळे टर्मिनेटर म्हणतात ती. ४.६ लिटरचा व्ही-८, वर ईटनचा एम-११२ सुपरचार्जर, कारखान्यातूनच ८ पीएसआय बूस्ट (सुपरचार्जरने दाबलेल्या हवेचा जादा दाब) आणि ३९० अश्वशक्ती. लोखंडी ब्लॉक, फोर्ज्ड (घडाईचे, मजबूत) पिस्टन, मॅन्ली कंपनीचे कनेक्टिंग रॉड. म्हणून हिच्यावर नायट्रसचा, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनात सोडायच्या नायट्रस ऑक्साइडचा, विचार तरी करता येतो. तुमच्या इंजिनात कास्ट (ओतीव) पिस्टन असतील तर या फंदात पडू नका. आणि हे सगळं ड्रॅग स्ट्रिपसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकसाठी, रस्त्यावर नाही.

सुपरचार्जर हवा दाबतो तशी तापवतोही, रूट्स जातीचा तर जास्तच. बाटलीतला द्रव नायट्रस बाहेर येताच उणे ८८ अंशाला उकळतो आणि ती हवा गार करतो. पुढे सिलिंडरात साधारण ३०० अंशांच्या वर तो फुटून ऑक्सिजन मोकळा होतो. त्या ऑक्सिजनला जादा पेट्रोल मिळालं नाही की पिस्टन वितळलाच समजा.

म्हणून वेट किट, म्हणजे नायट्रसबरोबर जादा पेट्रोलही सोडणारं किट, घ्या, आणि सोबतच्या जेटच्या (नायट्रस आणि पेट्रोल किती जावं ते ठरवणाऱ्या छोट्या भोकांच्या) तक्त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तो बहुधा बिनबूस्टच्या इंजिनासाठी असतो. समजा नोझल ब्लोअरच्या (सुपरचार्जरच्या) पुढे, मॅनिफोल्डमध्ये बसवलं आणि त्याला पेट्रोल ४० पीएसआयच्या स्थिर दाबाने येतंय. समोरून ८ पीएसआय बूस्ट रेटतो, हातात उरतात ३२. पेट्रोल दहाएक टक्क्यांनी कमी पडतं. नायट्रसच्या मागे ९५० पीएसआय, त्याला ८ चं काय सोयरसुतक! तो पूर्ण येतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. उपाय दोन: बूस्टबरोबर दाब वाढवणारा रेग्युलेटर, नाहीतर नोझल थ्रॉटलच्या आधी. मला पहिला पटतो. काहीही करा, वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) आणि पेट्रोलचा दाब घसरला की नायट्रस तोडणारा स्विच हवाच.

सुरुवात ५० अश्वशक्तीच्या जेटने. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दोन अंश मागे, स्पार्क प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप ०.७ मिलिमीटर. विंडो स्विच (ठरावीक आरपीएमच्या मधेच नायट्रस सोडणारा) ३५०० ते ६००० आरपीएम, तोही थ्रॉटल पूर्ण दाबलेला असतानाच. रूट्स ब्लोअर खालच्या आरपीएमला आधीच भरपूर टॉर्क देतो, तिथे नायट्रस सोडणं म्हणजे रॉड वाकवायला निघणं.

बाटली डिकीत आडवी, तोंड पुढे आणि किंचित वर, लेबल आकाशाकडे. आतली नळी तेव्हाच द्रवात बुडलेली राहते. दाब ९०० ते ९५० ठेवा. थंडीत तो पडतो, तेव्हा बाटलीचा हीटर लावा. गॅसच्या ज्योतीने बाटली तापवणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या शेजारी गाडी लावू नका.

पहिल्या रननंतर ट्रॅकच्या टोकालाच इंजिन बंद करा, आयडलवर पिट्सपर्यंत (गाड्या उभ्या करायच्या जागेपर्यंत) येऊ नका, नाहीतर प्लगवरच्या खुणा पुसल्या जातात. थंड झाल्यावर प्लग काढून पांढरी पोर्सिलेन भिंगाखाली धरा. मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर नॉक, म्हणजे मिश्रणाचं बेताल फुटणं, सुरू झालंय. चमकणारे बारीक कण असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्या दिवशी बाटली बंद, घरी जाऊन कॉम्प्रेशन टेस्ट. नुसते काळे ठिपके असतील तर टायमिंग अजून दोन अंश मागे, पेट्रोलचा जेट एक नंबर मोठा, आणि पुन्हा नवे प्लग घालून रन. पोर्सिलेन स्वच्छ निघाली तरच ७५ च्या जेटला हात लावा.