बजीच्या पिल्लाला बोलतं कसं करावं

आधी कायद्याचं. आपला हिरवा राघू पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, मग तो कितीही गोड ‘मिठू मिठू’ करो. घरात बोलका पक्षी हवाच असेल तर मूळचा ऑस्ट्रेलियाचा बजी हा छोटा पोपट घ्या. दुकानात तो सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जातो. खरा लव्हबर्ड क्वचितच बोलतो, त्यामुळे पाटीवर जाऊ नका, पक्षी बघा.

१. पिल्लू निवडा

सहा ते आठ आठवड्यांचं, स्वतः कांगणी सोलून खाणारं पिल्लू घ्या. या वयात कपाळावरच्या रेघा थेट चोचीवरच्या मांसल पट्टीला टेकलेल्या असतात आणि डोळे पूर्ण काळे दिसतात. ती पट्टी सगळीकडे सारखी गुलाबी-जांभळी असेल तर बहुधा नर, नाकपुड्यांभोवती पांढुरकी कडी असतील तर मादी. नर जास्त बोलतात. एकच आणा. दोन असले की ते आपापसात किलबिलतील आणि तुम्हाला कोणी विचारणार नाही.

२. त्याचे कुटुंबीय व्हा

पोपटाचं पिल्लू आवाज शिकतं ते आपल्या माणसांत, म्हणजे आपल्या पोपटांत, सामील होण्यासाठी. व्हेनेझुएलातल्या चिमुकल्या रानपोपटांवर कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं. तिथे आईबाप घरट्यातच प्रत्येक पिल्लासाठी वेगळी हाक वापरतात, जवळजवळ नावच. काही जोडप्यांना दुसऱ्यांची पिल्लं वाढवायला दिली, तर पिल्लांनी हाक उचलली ती सांभाळणाऱ्यांची. बजीचंही तसंच आहे. जोडी जमली की नर मादीच्या हाकेची नक्कल करू लागतो.

म्हणून पहिले काही आठवडे शिकवणी नको, सहवास हवा. पिंजरा घरातल्या वावराच्या खोलीत, डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. एका बाजूला भिंत असू द्या, म्हणजे त्याला पाठीची धास्ती राहत नाही. स्वयंपाकघरात मात्र ठेवू नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी दगावतो.

३. बडबड ऐका

दुपारी घर शांत असताना पिल्लू पिसं फुलवून, एक पाय पोटाशी घेऊन, अर्धवट डोळे मिटून काहीतरी पुटपुटत बसतं. गळ्याची पिसं थरथरत असतात. त्यात चिवचिव असते, कुठे दाराची कडी असते, कुठे तुमच्या बोलण्याची चाल. तान्हं बाळ ‘बाबाबा’ करतं तसलाच हा सराव आहे. त्या वेळी जवळ जाऊन ‘बोल, बोल’ करू नका, ते लगेच गप्प होईल. त्या पुटपुटण्यातला एखादा तुकडा तुमच्या शब्दासारखा वाटला की कोणता शब्द पुढे न्यायचा ते कळतं.

४. शब्द प्रसंगाला बांधा

सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढताना ‘उठलास का?’, दाणे घालताना ‘खाऊ’. रोज तेच शब्द, त्याच सुरात, जरा उत्साहाने. मरगळलेला आवाज तो उचलत नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ऑफिसला निघून जाणं हा आळशी उपाय आहे. आयरीन पेपरबर्ग यांच्या प्रयोगांत करड्या आफ्रिकन पोपटांना नुसत्या टेपवरून शब्द शिकता आले नव्हते. त्यांच्या अ‍ॅलेक्स या प्रसिद्ध पोपटाला दोन माणसं मिळून शिकवत. एक वस्तू दाखवून विचारायचा, दुसरा बरोबर नाव सांगून ती वस्तू मिळवायचा, आणि अ‍ॅलेक्स हे सगळं बघायचा. घरात दोघं असाल तर हे करून बघा. पोपटाला स्पर्धा कळते.

५. धीर धरा

पहिला स्पष्ट शब्द यायला काही महिने लागू शकतात, आणि तो घाईत, बारीक आवाजात येतो. कान देऊन ऐकलात तरच कळेल. काही पक्षी आयुष्यभर बोलत नाहीत. त्यांना उपाशी ठेवणं किंवा जिभेला काही चोळणं हे शुद्ध क्रौर्य आहे. पोपटाचा आवाज श्वासनळीच्या तळाशी तयार होतो, जीभ त्याला फक्त वळण देते. बोलका पक्षी अचानक घोगरा झाला किंवा शेपूट हलवत श्वास घेऊ लागला, तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.