शिबिरार्थी नसलेला उन्हाळा: नव्या ताई-दादांसाठी

निवासी उन्हाळी शिबिरात काम करायला येणाऱ्या नव्या ताई-दादांचे प्रश्न बहुतेक मुलांबद्दलच असतात. घरच्या आठवणीने रडणाऱ्या लेकराला कसं समजवायचं, भर दुपारी कुठले खेळ घ्यायचे, रात्री गप्पा बंद कशा करायच्या. हे प्रश्न खरेच आहेत. पण मी हे काम शिकले ते २०२० च्या उन्हाळ्यात, आमच्याकडे एकही शिबिरार्थी आला नाही तेव्हा. म्हणून हंगाम कोरडा जाणार असं कळलं की लगेच बॅग भरू नका, असं मी प्रत्येक नव्या माणसाला कळकळीने सांगते.

मराठवाड्यात असा हंगाम येणं फार नवलाचं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं. त्या वर्षी पाण्यापायी आपलं शिबिर भरलंच नाही, हे आमचे आचारी काका अजून सांगतात. २०२० मध्ये कारण वेगळं होतं. २० मार्चला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. तयारीसाठी आधी येऊन राहिलेले आम्ही काही जण, आचारी काका, भांड्यावरच्या मावशी आणि राखणदार मामा असे तिथेच अडकलो. जागा बालाघाटच्या रांगेत, येडशीच्या बाजूला. चहूकडे माळ, बोरी-बाभळी आणि पानं झडलेला डोंगर.

पहिले काही दिवस कुणाचंच मन लागेना. मग काकांनी चूल सारवायला घेतली. मी म्हटलं, "काका, लेकरं तर येणार नाहीत, मग हे कशाला?" ते म्हणाले, "ताई, उद्या पाऊस पडला की वाळवी लागंल. मग लेकरं आल्यावर कुठं रांधायचं?" त्या दिवसापासून कामं सुरू झाली.

सगळ्यात आधी पाणी शिका. शिबिर चालू असताना पिणं, स्वयंपाक, अंघोळ, संडास मिळून आम्ही माणशी दिवसाला ४५ लिटर धरतो. ८० माणसं असली की ३,६०० लिटर झाले. १२,००० लिटरचा टँकर तीन दिवसांच्या पुढे फारसा पुरत नाही. हा हिशोब कागदावर सगळ्यांना येतो. पण टाकीत उतरून तळाचा गाळ घमेल्याने काढला, भिंती ब्रशने घासल्या, कुठला नळ थेंबथेंब गळतो ते एकेक पाहिलं, की मुलांना "नळ बंद करा रे" म्हणताना आवाजात वेगळाच नेट येतो.

दुसरं, दोर. मला सर्वांत जास्त काही शिकवलं असेल तर ते दोरांनी. चढाईचा दोर नजरेने तपासता येत नाही, हातानेच तपासावा लागतो. ऊन चढायच्या आत पडवीत सतरंजी अंथरून बसायचं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोर चिमटीतून वीतवीत सरकवायचा. आतला गाभा कुठे मऊ लागतो, कुठे दोर चपटा झालाय, वरचं विणकाम कुठे फुगलंय, वाकवल्यावर गोलाईऐवजी कोन पडतोय का, हे बोटांना कळतं. शंका आली की तिथे चिकटपट्टी लावायची आणि तो दोर बाजूला ठेवायचा. "चालेल अजून एक वर्ष" हे वाक्य इथे कुणाच्याही तोंडून ऐकून घेऊ नका. धुवायचा साध्या पाण्याने, वाळवायचा सावलीत. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन कमजोर होतं, आणि आपल्याकडचं मेचं ऊन तर विचारूच नका. हार्नेसची, म्हणजे चढताना कमरेला बांधायच्या पट्ट्यांची शिवण, कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं दार नीट मिटतं का, हेल्मेटला चीर आहे का, हे सगळं वहीत तारखेनिशी लिहायचं. मुलं असतात तेव्हा या तपासणीला घाई होते. त्या उन्हाळ्यात आम्हाला घाई नव्हती, म्हणून कुठल्या दोरावर विश्वास टाकायचा हे माझ्या हाताला आजही माहीत आहे.

रिकाम्या जागेत माणसांऐवजी दुसरे पाहुणे येतात. गाद्यांची थप्पी उचलताना, दगड हलवताना हातमोजे आणि काठी हवीच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप ओळखता आले पाहिजेत. दंश झाला तर चिरा द्यायचा नाही, करकचून पट्टी बांधायची नाही. माणसाला चालू न देता थेट दवाखान्यात न्यायचं. लाल विंचवालाही हलक्यात घेऊ नका, लहान मुलांच्या हृदयावर त्याचं विष घातक ठरतं. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले. तुमच्या जागेजवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का आणि तिथे पोचायला रात्री किती वेळ लागतो, हे मुलं येण्याआधी स्वतः जाऊन पाहा.

मुलांशी नातं मात्र आम्ही तुटू दिलं नाही. मे महिन्यात शून्य सावलीचा खेळ फोनवरून घेतला. धाराशिव-लातूरकडे १३ मेच्या आसपास, तर छत्रपती संभाजीनगरला १९ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान अंगणात उभी ठेवलेली बाटली सावलीच टाकत नाही. लातूरच्या मुलीने फोटो पाठवला आणि संभाजीनगरचा मुलगा हिरमुसला, "ताई, माझी सावली दिसायलीय अजून." त्याला आठवडाभर थांबायला सांगितलं. पृथ्वी, अक्षांश, सूर्य हे सगळं त्या थांबण्यात त्याला कळलं. पुढच्या शिबिरांत आम्ही हा खेळ कायमचा ठेवला.

संध्याकाळी मावशींच्या हाताखाली भाकरी थापायला शिका, आमटीत घालायचं येसर कसं भाजून दळतात ते पाहा. ऐंशी पानांची आमटी ऐनवेळी कशी वाढवायची हे त्यांनाच ठाऊक असतं. मेमध्ये मामांबरोबर खड्डे खणून ठेवले तर मृगाचा पाऊस पडल्यावर करंज, चिंच, कडुनिंब लावता येतात.

आता पैशाचं. ते सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत कमी बोललं जातं. बऱ्याच ठिकाणी मानधन शिबिरागणिक असतं; शिबिर नाही तर पैसे नाहीत. माझ्या ओळखीतल्या काही मुलामुलींना त्या वर्षी दोन महिने राबून हातात काहीच मिळालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून रुजू होण्याआधी लेखी विचारा: हंगाम रद्द झाला तर किती देणार, राहणं-जेवण कुणाकडे, आजारपणाचा खर्च कोण करणार. स्वयंपाकघरातल्या आणि राखणीवरच्या माणसांना काय मिळतं हेही विचारा.

बोलणी करायला फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, मुलं नसताना. टाकी, दोरांची वही, औषधांची पेटी आणि कोठीघर दाखवा म्हणा. जिथे हे हौसेने दाखवतील, तिथे हंगामाच्या आठ-पंधरा दिवस आधी पोचण्याची परवानगीही मागून घ्या.