ग्रामीण अग्निशमन केंद्राची मागणी कशी लढवावी

माळव्यातला गहू मार्चमध्ये वाळून उभा राहतो आणि त्याच सुमारास लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा, हार्वेस्टरमधून उडणारी ठिणगी किंवा शेजाऱ्याने पेटवलेली नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले खुंट, यांपैकी काहीही एका दुपारी वर्षभराचे पीक खाऊन टाकू शकते. इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागांत राहणाऱ्या, पण देपालपूर किंवा सांवेर तहसिलीत वडिलोपार्जित जमीन असणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नव्याने सांगायला नको. आग लागली की गाव एकवटते, ‘आम्हाला बंब द्या’ असे निवेदन कलेक्टर कचेरीत जाते आणि पाऊस पडला की विषय मिटतो. ही मागणी टिकत नाही याचे कारण ती चुकीच्या वस्तूसाठी केलेली असते. बंब मिळणे त्यातल्या त्यात सोपे आहे. तो कोणाच्या मालकीचा, त्याचा खर्च कोणाच्या माथी आणि रात्री दोन वाजता त्यावर कोण बसणार, ही खरी भांडणे आहेत आणि ती आधी सोडवावी लागतात.

जबाबदारी कोणाची, हे आधी कागदावर शोधावे

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा सातवा विषय आहे, आणि ती अनुसूची नगरपालिकांची आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत आग विझवण्याचा उल्लेख नाही. त्यामुळे तालुका पातळीवरच्या जनपद पंचायतीतला अधिकारी ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे म्हणतो तेव्हा तो टाळाटाळ करीत असेलही, पण खोटे बोलत नसतो. प्रत्यक्षात जवळच्या नगर परिषदेचा बंब हद्दीबाहेरच्या शेतांत जातो तो रिवाज म्हणून, माणुसकी म्हणून किंवा वरून फोन आला म्हणून. डिझेलची बिले थकली, चालक निवृत्त झाला किंवा बंब शहराकडे हलवण्याचा प्रस्ताव आला, की हा रिवाज पहिल्यांदा मोडतो आणि गावाच्या हातात दाखवायला एकही कागद नसतो.

म्हणून मोहिमेचा पहिला कागद निवेदनाचा नसावा, माहिती अधिकाराचा असावा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्या कार्यालयावर बंधनकारक आहे. अर्जात मते मांडू नयेत आणि ‘का’ असे विचारू नये. नोंदींच्या प्रती मागाव्यात. गेल्या तीन वर्षांच्या आगीच्या वर्दीचे (म्हणजे आग लागल्याच्या खबरीचे) रजिस्टर, त्यात वर्दी आल्याची, गाडी निघाल्याची व पोहोचल्याची वेळ, गाडीचे लॉगबुक, मंजूर पदे आणि भरलेली पदे, कंत्राटी कर्मचाऱ्यांची संख्या, डिझेल व दुरुस्तीवरचा खर्च, गाडीचा विमा आणि फिटनेस प्रमाणपत्र एवढे पुरे आहे. हद्दीबाहेरच्या वर्दी किती होत्या, हा आकडा त्या रजिस्टरमधून आपणच काढावा. नगर परिषद आणि गावे या दोघांनाही तो उपयोगी पडतो, कारण गावासाठी ती गरजेची नोंद असते आणि नगर परिषदेसाठी न मिळालेल्या पैशांची.

गाडी मागू नये, पाळ्या मागाव्यात

एका बंबावर सहा माणसे धरली तर तीन पाळ्यांना अठरा लागतात, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले तर हा आकडा वीसच्या पुढे जातो. खासदार निधीतून टिकाऊ मालमत्ता उभी राहते, आवर्ती खर्च भागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या मुक्त अनुदानातून पंचायतीला स्थानिक गरजेच्या वस्तू घेता येत होत्या, पण पगार आणि आस्थापना खर्च त्यातून वगळलेला होता. म्हणजे गाडी देणारे बरेच आहेत आणि माणूस देणारा कोणी नाही. समारंभात नारळ फोडून आलेली गाडी दोन वर्षांनी चालकाविना शेडमध्ये उभी राहण्याची कथा जिल्ह्याजिल्ह्यात ऐकू येते ती यामुळेच.

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. तीत ईशान्येकडील व हिमालयीन राज्ये वगळता इतरांनी २५ टक्के वाटा स्वतः घालायचा होता. मध्य प्रदेशाच्या प्रस्तावात आपल्या तहसिलीचे नाव होते का, एवढा एकच प्रश्न आमदारांना लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच मागावे. सभेतल्या आश्वासनापेक्षा त्या दोन ओळींचा उपयोग जास्त होतो.

केंद्र कोठे असावे

मोहीम फुटते ती येथे. चार गावे एकत्र येऊन केंद्र मागतात, मागणी मान्य होण्याची चिन्हे दिसताच प्रत्येक गावाला ते आपल्या शिवारात हवे असते, आणि पुढचे सहा महिने प्रशासनाला काहीच करावे लागत नाही. जागेचे नाव कोणीही तोंडातून काढण्यापूर्वी निकष ठरवून घ्यावेत, त्यावर सह्या घ्याव्यात आणि मगच नकाशा उघडावा.

देशात वापरला जाणारा मापदंड असा आहे की ग्रामीण भागात वर्दीनंतर २० मिनिटांत बंब पोहोचावा. गाडी बाहेर पडायला दोन मिनिटे धरली आणि गावरस्त्यावर ताशी ४० किलोमीटरचा वेग धरला, तर हाती राहतात बारा किलोमीटर, तेही रस्त्याने मोजलेले. इंदूर ते देपालपूर हे अंतरच सुमारे चाळीस किलोमीटर आहे, तेव्हा शहरातून येणाऱ्या मदतीचा हिशेब येथेच संपतो. प्रत्येक गावातल्या दोन तरुणांना मोटारसायकल देऊन, गव्हाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतानाच्या दिवसांत, संभाव्य जागेपासून शेवटच्या वस्तीपर्यंतचा वेळ मोजायला लावावा. मोटारसायकल बंबापेक्षा सहज निघून जाते, म्हणून रेल्वे फाटक, अरुंद पुलिया (लहान पूल) आणि बाजाराचा दिवस यांची वेगळी नोंद ठेवावी. परस्परांच्या गावांत जाऊन मोजणी केली तर आकड्यांवर संशय कमी राहतो.

दुसरा निकष पाण्याचा. ४,५०० लिटरची टाकी असलेल्या बंबाचा पंप मिनिटाला १,८०० लिटरच्या पूर्ण क्षमतेने चालवला तर टाकी अडीच मिनिटांत रिकामी होते. त्यानंतर गाडी कोठे भरायची, हा प्रश्न एप्रिलमध्ये विचारावा, ऑगस्टमध्ये नव्हे. पावसाळ्यात प्रत्येक गाव पाणीदार असते. कोणी फुकट जमीन देऊ केली तर आभार मानावेत, खसरा-खतौनीची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल काढावी आणि वाद किंवा बोजा नाही ना हे पाहावे. फुकट जागा बहुधा कोणाच्या तरी दाराशी असते.

तीन वाटा आणि त्यांवरून होणारी भांडणे

एक गट म्हणतो की इंदूर महानगरपालिकेत सामील व्हावे, म्हणजे अग्निशमनासह सर्व सेवा आपोआप येतील. २०१४ मध्ये २९ गावे महानगरपालिकेत आली आणि वॉर्ड ८५ झाले, याचा दाखला दिला जातो. दुसरा गट नगर परिषदेशी संबंध टिकवण्याच्या बाजूचा असतो. तिसऱ्याला गावाचे स्वतःचे स्वयंसेवक दल हवे असते. अमेरिकेतील अनेक राज्यांत ग्रामीण भागासाठी स्वतंत्र अग्निशमन जिल्हा असतो, त्याचे मंडळ लोक निवडतात आणि मालमत्तेवरच्या कराला अनेकदा मतदानानेच मंजुरी देतात. तेथेही भांडण कर किती आणि मोठ्या शहराच्या दलात विलीन व्हायचे की नाही, यावरूनच होते. आपल्याकडे असे मंडळ नाही, त्यामुळे हे भांडण ग्रामसभेत करावे लागते, आणि ते तेथेच उघडपणे होऊ द्यावे.

विलीनीकरणाच्या बाजूचे लोक बहुधा रस्त्यालगतच्या जमिनीचे मालक असतात, हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. बोलावे, पण सभ्यपणे. माझ्या मते नुसत्या बंबासाठी ग्रामपंचायत विसर्जित करणे महाग पडते, आणि नुसते स्वयंसेवक दल पहिल्या अपघातापर्यंत टिकते. कोणी भाजले तर उपचाराचा खर्च कोणी करायचा, याचे उत्तर त्याच्याकडे नसते. मधली वाट लेखी कराराची आहे. नगर परिषद आणि ग्रामपंचायती यांच्यात, जनपद पंचायतीच्या सहीने, तीन वर्षांचा करार असावा आणि त्यात वर्गणीचे सूत्र स्पष्ट असावे. प्रत्येक वर्दीमागे पैसे घेण्याचे सूत्र टाळावे, कारण बिल येईल या भीतीने माणूस फोन करायला उशीर करतो. लोकसंख्या किंवा शेतीचे क्षेत्र यांवर वार्षिक रक्कम ठरवावी. एकाच वेळी गावात व नगरात आग लागली तर बंब कोठे जाईल, हे कलम लिहिताना सर्वांत जास्त वाद होतो, तरी ते वगळू नये. वर्दीचे रजिस्टर दर तिमाहीला गावांच्या प्रतिनिधींसमोर वाचले जावे, आणि करार मोडायचा असल्यास सहा महिन्यांची सूचना असावी व ती मार्च-एप्रिलमध्ये संपू नये.

नरवाईचा प्रश्न टाळू नये

रजिस्टर हाती आले की त्यातल्या बऱ्याच वर्दी नरवाई जाळण्यातून आलेल्या दिसतील, आणि अधिकारी बैठकीत पहिल्यांदा तेच दाखवतील. मध्य प्रदेशात नरवाई जाळल्यास दोन एकरांपेक्षा कमी जमिनीसाठी २,५०० रुपये, दोन ते पाच एकरांसाठी ५,००० आणि त्यावर १५,००० रुपये पर्यावरण भरपाई ठरवलेली आहे. बंब मागणाऱ्या समितीतला सदस्यच शेत पेटवताना दिसला तर मोहीम त्या दिवशी संपते. समितीने गुप्तहेराचे काम करू नये, पटवाऱ्याकडे नावे पोहोचवू नयेत. तसे केल्यास गावाचा विश्वास जातो. मात्र सदस्य होणाऱ्याने स्वतः न जाळण्याचे लिहून द्यावे, आणि स्ट्रॉ रीपर (खुंट कापून भुसा करणारे यंत्र) व सुपर सीडर (न जाळता पेरणी करणारे यंत्र) गावात भाड्याने केव्हा मिळतील याची यादी समितीने कापणीपूर्वी फिरवावी. पुढच्या पिकाची घाई असलेल्या शेतकऱ्याला उपदेशाचा नव्हे, यंत्राच्या तारखेचा उपयोग असतो.

बाकीची कामे

ठराव हिंदीत लिहावा, सभा माळवीत चालू द्यावी, आणि इंदुरात राहणाऱ्या जमीनमालकांनी अध्यक्षपद घेऊ नये. मराठी मंडळींना अर्ज नीट लिहिता येतात, तेवढे काम त्यांनी आनंदाने करावे. ग्रामसभेच्या इतिवृत्तात उपस्थितीच्या सह्या आणि महिलांची नावे आहेत याची खात्री करून प्रमाणित प्रत घ्यावी. ती प्रत जोडूनच मंगळवारच्या जनसुनवाईत (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात ती बैठक) अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरची तक्रार त्यानंतर करावी. धरणे द्यायचे झाल्यास परवानगीने द्यावे आणि रस्ता कधीही अडवू नये.

केंद्र येईपर्यंत पंचायतीचा टँकर हेच साधन आहे. फेब्रुवारीअखेर त्याचे टायर आणि व्हॉल्व्ह तपासावेत, डिझेल पंप व पाईप त्याला कायम जोडून ठेवावेत, आणि कापणी संपेपर्यंत तो लग्नाच्या मांडवांना देऊ नये. ओढणारा ट्रॅक्टर कोणाचा, किल्ली कोणाकडे, तो नसेल तर कोणाकडे, हे तीन दूरध्वनी क्रमांकांसह पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावे आणि दरवर्षी होळीपूर्वी ते क्रमांक लावून पाहावेत.