आमचा वागळे, 1988 चा

बाबांना टीव्हीवर ‘वागले की दुनिया’ लावून दिली आणि दोन मिनिटांतच ते वैतागले. "अरे, हा नव्हे. आमचा वागळे लाव!" मी लावली होती 2021 मध्ये सोनी सबवर आलेली मालिका. त्यांना हवी होती दूरदर्शनवरची, 1988 ची. तिचे भाग मोजकेच, आणि नव्या मालिकेच्या ढिगाऱ्याखाली ते पार गाडले गेलेत. तुमच्या घरीही अशी फर्माईश झाली, तर माझा एक आख्खा रविवार गेला तसा तुमचा जाऊ नये.

पहिली गोष्ट म्हणजे ‘ळ’ विसरा. मी आधी ‘वागळे’ असं टाइप केलं, तर निम्मे निकाल वागळे इस्टेटमधल्या गाळ्यांचे. आम्ही ठाण्यात राहतो, त्यामुळे गूगलला तेच बरोबर वाटलं असणार. मालिका हिंदी आहे, तिथे ‘वागले’च लिहायचं. रोमन लिपीतही एकदा शोधून बघा, कारण जुने भाग चढवणारे बरेच जण शीर्षक रोमनमध्येच देतात.

मग मी नेहमीची युक्ती केली, मालिकेच्या नावापुढे नटांची नावं टाकली. इथे ती साफ फसली. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर दोन्हीकडे आहेत, नवीन मालिकेत ते आजी-आजोबा झालेत इतकंच. वागळे ज्यांच्या कल्पनेतून आले त्या व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचं नावही दोन्हींना लागतं. चाललं ते फक्त जुन्या मालिकेशी जोडलेलं एक नाव, तिचे दिग्दर्शक कुंदन शाह. त्याच्या जोडीला ‘दूरदर्शन’ आणि ‘1988’ टाका, आणि शेवटी वजाचं चिन्ह लावून, मधे जागा न सोडता, ‘सुमीत’ लिहा. सुमीत राघवन नव्या मालिकेचा नायक, त्यामुळे त्याच्या नावाचे निकाल गूगल वगळतं.

निर्मात्याचं नाव लोक शोधतच नाहीत, खरं तर ते फार कामाचं असतं. त्या काळी दूरदर्शनवरच्या कितीतरी मालिका बाहेरचे निर्माते प्रायोजकांच्या पैशावर करायचे. त्यामुळे मालिका दूरदर्शनवर दिसली म्हणून तिचे हक्क दूरदर्शनकडेच असतील असं नाही. ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. हो, त्याच अभिनेत्री दुर्गाबाई! त्या नावानेही एकदा शोधा.

सरकारी दारंही ठोठावायचीच. यूट्यूबवर प्रसार भारती (दूरदर्शन चालवणारी सरकारी संस्था) अर्काइव्ह्जचं चॅनेल आहे, त्याच्या आतल्या शोधपट्टीत शोधा. ‘वेव्हज’ हे प्रसार भारतीचं ॲप 2024 च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, तेही बघा. कुठल्या ओटीटीवर काय आहे हे जस्टवॉच या साइटवर कळतं. तिथे देश ‘भारत’ निवडा आणि मालिकेपुढचं साल न चुकता वाचा. परदेशातल्या भाचीला तुमची लिंक चालली नाही तर तिला तिचा देश निवडून शोधायला सांगा, हक्क देशागणिक बदलतात.

यूट्यूबवर फिल्टर लावून वीस मिनिटांहून मोठेच व्हिडिओ मागवा, नाहीतर शाहरुखच्या क्लिपांचा पूर येतो. एका भागात त्याच्या गाडीची वागळेंना धडक बसते, आणि सगळ्यांना तेवढंच दाखवायचं असतं. व्हिडिओ उघडण्याआधी चित्राचा आकार बघा. जुन्या टीव्हीसारखं जवळजवळ चौकोनी चित्र असेल तर आशा आहे. रुंद, चकचकीत चित्र आणि पांढऱ्या केसांचे अंजन श्रीवास्तव दिसले, तर मागे फिरा. कार्डाचा नंबर मागणाऱ्या फुकट्या साइटकडे ढुंकूनही बघू नका.

आणि सापडलेला भाग लगेच प्लेलिस्टमध्ये टाका. मी ‘संध्याकाळी बघू’ म्हणून एक टॅब उघडा ठेवला होता. संध्याकाळी तिथे व्हिडिओ काढून टाकल्याची पाटी होती, आणि बाबा चष्मा पुसून तयार बसले होते.