रँच काउंटीचा इतिहास जुन्या नकाशात शोधायचा असेल तर

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी (जिल्ह्यासारखा भाग, इथे गुरांची मोठी रँच म्हणजे कुरणं आहेत) घ्या, यूएसजीएस या अमेरिकी सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या टोपोव्ह्यू साइटवर तिथले जुने टोपो (जमिनीचे चढउतार, वाटा, इमारती दाखवणारे) नकाशे फुकट डाउनलोड होतात. एकाच भागाच्या दोन वेगळ्या सालच्या शीट शेजारी उघडा आणि काय गायब झालं ते बघत बसा, छोटा झेंडा लावलेला काळा चौकोन म्हणजे शाळा, मग पवनचक्क्या, तुटक रेषेच्या वाटा. ओसाड कुरणात मधेच शाळा दिसली तर १९०४ च्या किंकेड कायद्याची आठवण ठेवा, त्यात वस्ती करायला येणाऱ्यांना सरकारकडून माणशी ६४० एकर मिळायचे, पण बऱ्याच जणांचं भागलं नाही आणि जमिनी रँचवाल्यांकडे गेल्या. जमीन मुळात कोणाच्या नावावर झाली ते बीएलएम या अमेरिकी सरकारी जमीन खात्याच्या जीएलओ (जुनं जमीन कार्यालय) रेकॉर्डमध्ये टाउनशिप-सेक्शन नंबर (सर्व्हेत जमिनीच्या चौकोनी तुकड्यांना दिलेले नंबर) टाकून मिळतं. आणि हो, नकाशावर जांभळ्या रंगातलं सगळं नंतर हवाई फोटोंवरून टाकलेलं असतं, त्यामुळे ते मूळ सर्व्हेच्या सालाचं समजू नका.